महर्षी कर्वे : हिंगण्याच्या माळावरची शाळा

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडून कोथरूडच्या दिशेने जाणारा कर्वे रस्ता आज दिवसभर वाहनांनी भरलेला असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी शहराच्या या बाजूला वस्ती अशी नव्हतीच. शेते, ओढे आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल असलेली वाट, एवढेच काय ते होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपले की एक सडपातळ, मितभाषी प्राध्यापक संध्याकाळी किराणा आणि भाजीचे ओझे घेऊन याच बाजूने हिंगण्याकडे पायी निघत असे. तेथे माळावरच्या झोपडीवजा इमारतीत काही तरुण विधवा त्याची वाट पाहत असत. रात्री त्यांना शिकवावे, पहाटे पुन्हा पुण्याची वाट धरावी आणि वेळेवर वर्गात हजर व्हावे, असा त्याचा क्रम होता. हा क्रम एक-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालला.

धोंडो केशव कर्वे यांचे नाव आज रस्त्याला, उपनगराला आणि संस्थेला आहे. ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान मिळालेल्या प्रारंभीच्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते. पण नाव इतके परिचयाचे झाले की त्यामागचा माणूस पुसट होतो. कर्वे यांच्या बाबतीत ते विशेष जाणवते, कारण हा माणूस वक्ता नव्हता, पुढारी नव्हता आणि लोकांना दिपवून टाकणारे असे त्यांच्यात काहीच नव्हते.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात शेरवली येथे, आजोळी झाला. घर मात्र दापोलीजवळच्या मुरूडचे. एके काळी खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराण्याला उतरती कळा लागली होती आणि वडील केशवपंत तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या वहिवाटीचा कारभार पाहत होते. मुरूडच्या शाळेत विनायक लक्ष्मण सोमण हे शिक्षक होते. गावाच्या भल्यासाठी आपण होऊन काही करावे, हा संस्कार धोंडूवर त्यांनीच केला. गावकऱ्यांना एकत्र बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम हा लाजाळू मुलगा करू लागला तो त्यांच्याच सांगण्यावरून.

१८७५ सालच्या पावसाळ्यात मराठी सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी तो मित्रांबरोबर साताऱ्याला निघाला. कोकणातून घाट चढून जायचे, अंतर शंभर मैलांहून अधिक, आणि दिवस मुसळधार पावसाचे. पाठीवर सामान घेऊन, ओढे ओलांडत मुले चालत साताऱ्याला पोहोचली. तेथे परीक्षा समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही, असे ठरवून त्याला परत पाठवले. दाखला होता, पण त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. कर्वे यांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, तो त्यांच्या चिकाटीचा दाखला म्हणून. त्याची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. शिकण्याची पात्रता असूनही दारातून परत फिरावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना ऐन तारुण्यात कळले होते.

इंग्रजी शिक्षण उशिरा सुरू झाले. १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. मुंबईत विल्सन आणि मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८८४ मध्ये गणित विषय घेऊन बी. ए. झाले. शाळांतून शिकवणे आणि घरोघरच्या शिकवण्या यांवर संसार चालत होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत धावपळ असे. पण मिळकतीतला ठरावीक हिस्सा परोपकारासाठी बाजूला काढण्याचा नियम त्या ओढगस्तीतही त्यांनी मोडला नाही. नात्यातला एक हुशार मुलगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला आधार दिला. तो मुलगा म्हणजे पुढे केंब्रिजला १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्याला आले. बाळ गंगाधर टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्याने ती जागा मोकळी झाली होती. आजन्म सेवकाचे वेतन बेताचेच होते, पण मुंबईतील शिकवण्यांच्या तुलनेत स्थैर्य होते. कोकणातून आलेला, विधुर झालेला हा प्राध्यापक आता दुसरा विवाह करील आणि सुखाने राहील, असेच कोणालाही वाटले असते.

विवाह त्यांनी केला. पण त्या काळच्या विधुराला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळत असताना, आपण विवाह केला तर तो विधवेशीच करू, असे त्यांनी ठरवले होते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी त्यासाठी बंगालमध्ये आयुष्य वेचले, आंध्रात वीरेशलिंगम् पंतुलू यांनी असे विवाह घडवून आणले, महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांनी चळवळ उभी केली. कायदा कागदावर होता. ब्राह्मण घरांतील बालविधवेचे मात्र केशवपन होत होते, तिच्या अंगावर आलवण येत होते, एकवेळचे जेवण आणि घरातली न संपणारी कामे तिच्या वाट्याला येत होती. शुभकार्यात तिने समोर यायचे नाही, हा नियम वेगळा सांगावाच लागत नसे.

कर्वे यांचे मुंबईतील मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई अशीच बालपणी विधवा झाली होती. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. भावाने तिला मुंबईला आणले आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये उघडलेल्या शारदा सदनात ती दाखल झाली. तेथील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात तिचा आणि कर्वे यांचा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले आणि कर्वे सर्वांचे अण्णा झाले.

मुरूडने या विवाहाचे उत्तर बहिष्काराने दिले. कर्वे बसतील त्या बैठकीत गावातल्या कोणी बसू नये आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतले तर त्यांनाही वाळीत टाकावे, असे ठरले. नवविवाहित जोडपे गावी गेले तेव्हा त्यांना आपल्याच घराबाहेर, वेगळ्या जागी उतरावे लागले. आई आणि भाऊ यांना भेटणेही अवघड झाले. ज्या गावासाठी त्यांनी फंड जमवला, ज्या गावातील शाळेवर त्यांचा जीव होता, त्या गावाची ही वागणूक होती. कर्वे यांनी त्याबद्दल कोणाशी भांडण मांडले नाही. पुढेही गावाच्या शिक्षणासाठी ते पैसे देत राहिले.

१८९३ च्या अखेरीस वर्ध्याला विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन झाली. कर्वे तिचे चिटणीस. दोन वर्षांत तिचे नाव बदलून ‘विधवा-विवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी’ असे करण्यात आले. नावातला हा बदल कर्वे यांच्या स्वभावाला धरून होता. कोणाला विवाहाची सक्ती किंवा भर देण्यापेक्षा, ज्यांना तो करावयाचा आहे त्यांच्या वाटेतला अडथळा दूर करणे, एवढेच त्यांना अभिप्रेत होते.

पण विवाहाने प्रश्न सुटत नाही, हे त्यांना लवकरच उमगले. वर्षाकाठी मोजके विवाह घडून येत. विधवा मात्र हजारोंनी होत्या. ज्यांना पुन्हा लग्न करायचे नाही किंवा ज्यांचे कोणी करू देणार नाही, त्यांनी काय करावे? दोन अक्षरे शिकून आपल्या पायावर उभे राहता आले तर घरात तरी त्यांना मान मिळेल, हा विचार घेऊन १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कर्वे यांनी आपल्या साठवणीतील एक हजार रुपये पहिली देणगी म्हणून दिले आणि सुट्ट्यांमध्ये वर्गणीसाठी फिरायला सुरुवात केली.

येथे त्यांनी एक तडजोड केली आणि तिची चर्चा तेव्हापासून आजपर्यंत होत आली आहे. विधवेशी स्वतः विवाह केलेल्या माणसाच्या आश्रमात आपली विधवा मुलगी पाठवायला कोणता सनातनी बाप तयार होणार? तेथे गेली की तिचे लग्न लावून देतील, ही भीती होतीच. त्यातच शारदा सदनातील धर्मांतराच्या वादाने १८९३ मध्ये पुण्यातील वातावरण ढवळून निघाले होते आणि विधवांच्या शाळेकडे संशयाने पाहिले जात होते. आश्रमात विवाहाचा प्रचार होणार नाही, असे कर्वे यांनी जाहीर केले आणि विधवाविवाहाच्या चळवळीतून हळूहळू अंग काढून घेतले. सुधारकांतील अनेकांना ही माघार वाटली. कर्वे यांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता: मुलगी आश्रमात आली तर शिकेल, आलीच नाही तर तिला ना शिक्षण मिळेल, ना विवाहाचे स्वातंत्र्य. शिकलेली स्त्री पुढे काय करायचे ते स्वतः ठरवील.

प्रत्यक्ष आश्रम १८९९ मध्ये पुण्यातील एका वाड्यात सुरू झाला. शहरात प्लेगच्या साथी वारंवार येत होत्या. जागा गावाबाहेर असणे गरजेचे झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० च्या पावसाळ्यात तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. कर्वे यांचा रोजचा पायी प्रवास सुरू झाला तो तेव्हापासून.

या काळात घर कोण चालवत होते, हा प्रश्न चरित्रकार फारसा विचारत नाहीत. उत्तर बायांचे आहे. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले, घरी शिकणाऱ्या विधवांना ठेवून घेतले, मुले वाढवली आणि काटकसरीची परिसीमा गाठली. अण्णांनी शिल्लक संस्थेला दिली, विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली, तेव्हा आपल्या आणि मुलांच्या भवितव्याचे काय, हा साधा प्रश्न बायांना पडला. उतारवयात सांगितलेल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हा सल लपवून ठेवलेला नाही. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत हे पुस्तक मोलाचे आहे, ते याच मोकळेपणामुळे. लोकांसाठी झिजणाऱ्या माणसाच्या घरातली झीज कशी असते, हे अण्णांच्या ‘आत्मवृत्ता’तून कळत नाही, ते बायांकडून कळते. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत, असे सुचवावेसे वाटते.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरी एक मूल. बहिणीच्या आधाराने त्या पुण्याला आल्या, वयाच्या विशी-पंचविशीनंतर अक्षरे गिरवू लागल्या आणि शिकून आश्रमाच्या कामाला लागल्या. स्वयंपाकघरापासून देखरेखीपर्यंत सर्व केल्यावर त्या वर्गणी गोळा करायला बाहेर पडल्या. केशवपन केलेली, सोवळ्यातील विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी बोलते आहे, हे दृश्यच लोकांना विचार करायला लावणारे होते. पुढे विचारपूर्वक त्यांनी केशवपन सोडले. १९१८ मध्ये, वय पन्नाशीच्या घरात असताना, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेला मदत मिळवण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. देवरुखच्या जोशी घराण्यातील या दोन बहिणींवाचून हिंगण्याची संस्था उभी राहिली असती, असे म्हणता येत नाही.

विधवांपुरते काम मर्यादित ठेवून भागणार नाही, हे पुढचे पाऊल. अविवाहित मुलींनाही शिकता यावे, म्हणजे बालविवाह लांबतील, या हेतूने १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९०८ मध्ये या सर्व कामाला वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्ममठ स्थापन झाला. आपण आयुष्य या कामाला दिले आहे, अशी शपथ घेणारे हे मंडळ होते आणि त्यात स्त्रियांना बरोबरीचे स्थान होते. आश्रमात शिकलेल्या स्त्रियाच आता शिक्षिका आणि व्यवस्थापक होत होत्या. १९१४ मध्ये कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा वय छप्पन्न होते. बहुतेकांचे कार्य येथे संपते.

१९१५ मध्ये मुंबईला भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी वाचली. टपालाने आलेली ही पुस्तिका त्यांनी आधी बाजूला ठेवून दिली होती. वाचल्यावर मात्र मनात एकच विषय राहिला आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी भारतीय महिलांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. ३ जून १९१६ रोजी विद्यापीठाच्या सिनेटची पहिली बैठक झाली. भांडारकर कुलपती आणि रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. जुलैमध्ये हिंगण्याला महाविद्यालय सुरू झाले, त्यात विद्यार्थिनी होत्या पाच.

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ! सरकारची मान्यता नाही, तिजोरीत पैसा नाही, मुंबई विद्यापीठ जवळच असताना वेगळ्याची गरज काय, असा सवाल. थट्टा करणारे पुष्कळ होते. पण या विद्यापीठाने एक गोष्ट केली, जी तेव्हा देशातील सरकारी विद्यापीठे करायला धजत नव्हती. उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. मराठीतून आणि गुजरातीतून मुली पदवीपर्यंत शिकू लागल्या. पदव्यांना नावेही आपली दिली: ‘गृहीतागमा’ आणि त्यापुढची ‘प्रदेयागमा’. महात्मा गांधींना मातृभाषेचा आग्रह पसंत होता, इंग्रजी सक्तीचे ठेवणे मात्र पटत नव्हते. कर्वे यांनी नम्रपणे पण ठामपणे इंग्रजी ठेवले. मुलींना जगाचे दार बंद करायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. मातृभाषेतून विचार आणि इंग्रजीतून व्यवहार, हा वाद आजही आपल्याकडे मिटलेला नाही. हिंगण्याने त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन पाहिले होते.

अभ्यासक्रमावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. गृहव्यवस्था आणि आरोग्य यांसारखे विषय स्त्रियांसाठी म्हणून ठेवले होते. स्त्रीचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने घर आहे, हे गृहीत धरूनच ही आखणी झाली होती. मुलींना मुलांसारखेच शिक्षण हवे, असे म्हणणाऱ्यांना ती मागे नेणारी वाटली. काळाने हा वाद टीकाकारांच्या बाजूने सोडवला, असे म्हटले पाहिजे. मात्र ज्या घरांतून मुली मुंबई विद्यापीठाच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नसत्या, त्या घरांतून त्या या विद्यापीठात आल्या, हेही तितकेच खरे.

अधिक बोचणारा मुद्दा जातीचा आहे. सुरुवातीच्या काळात आश्रमात प्रवेश होता तो ब्राह्मण आणि तत्सम उच्चवर्णीय स्त्रियांना. पुण्यातच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून सर्व जातींच्या मुलींसाठी शाळा काढल्या होत्या; म्हणजे उदाहरण समोर नव्हते असे नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या बहिणीला आश्रमात घ्यावे म्हणून प्रयत्न केला, तेव्हा ती ब्राह्मणेतर असल्याने तिला प्रवेश मिळाला नाही. शिंदे यांनी हा अनुभव नोंदवून ठेवला आहे. वर्गणीदार आणि पालक बिथरतील, ही कर्वे यांची धास्ती होती. विवाहाच्या बाबतीत केलेली तडजोड एक वेळ समजून घेता येते. या तडजोडीची किंमत मात्र ज्यांनी मोजली त्यांना तिचा काहीच लाभ नव्हता. कर्वे यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही हे पान गाळून पुढे जाऊ नये. पुढे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांनी स्वतः ज्या कामाला हात घातला, ते पाहता हे पान त्यांच्याही मनातून गेले नसावे.

विद्यापीठाचा आर्थिक प्रश्न १९२० मध्ये सुटला. मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने विद्यापीठ ‘श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ’ झाले. एस. एन. डी. टी. हे नाव आज देशभर परिचित आहे. अहमदाबादसारख्या शहरांतील संस्थाही विद्यापीठाला जोडल्या गेल्या. १९३६ मध्ये मुख्य कार्यालय मुंबईला गेले आणि स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. पाच विद्यार्थिनींच्या त्या वर्गापासून मान्यतेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लोटला. तोवर या पदव्या घेणाऱ्या मुलींना त्या सरकारी नोकरीत चालणार नाहीत, हे ठाऊक होते, तरीही त्या शिकत होत्या.

सत्तरी गाठल्यावर कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. १९२९ मध्ये इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांत ते सहभागी झाले, भारतातील महिलांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाविषयी बोलले. बर्लिनमध्ये त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट घेतली. अमेरिकेतून ते जपानला गेले आणि ज्या महिला विद्यापीठाच्या पुस्तिकेने हा सारा उद्योग सुरू झाला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत येऊन वर्ष होते न होते तोच ते आफ्रिकेला निघाले. मोंबासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, तेथील भारतीय वस्त्यांतून फिरून त्यांनी विद्यापीठासाठी निधी गोळा केला. भाषण प्रभावी नव्हते, आवाजही हळू. पण हा वृद्ध गृहस्थ समोर उभा राहिला की लोक खिशात हात घालत. मिळालेल्या पैचा हिशेब छापून देण्याची शिस्त त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळली होती, आणि देणगीदारांना ती ठाऊक होती.

घरात चार मुलगे. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकर यांच्या पत्नी म्हणजे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. थोरले रघुनाथ यांनी संततिनियमनाचा प्रसार केला, त्यापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडली आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. कोर्टकचेऱ्या सोसल्या. पित्याने समाजाला सांभाळून घेत वाट काढली. मुलाने समाजाला सांभाळून घ्यायचे नाकारले. वडिलांना जिवंतपणी मानाची पदे मिळाली, मुलाला बहुतांशी उपेक्षा. दोघेही गणिताचे प्राध्यापक आणि दोघांचेही काम शेवटी स्त्रीच्या आयुष्यावर तिचा स्वतःचा अधिकार किती, या एकाच प्रश्नाशी येऊन ठेपणारे. या घराचा इतिहास म्हणजे महाराष्ट्रातील सुधारणेच्या दोन प्रवृत्तींचा इतिहास आहे.

१९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्वे यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा उघडायच्या, हा उद्देश. आपल्या बेताच्या निवृत्तिवेतनातून दरमहा काही रक्कम त्यांनी या कामासाठी बाजूला काढली आणि पुण्याच्या रस्त्यांवर पायी फिरून लोकांकडून किरकोळ वर्गण्या गोळा केल्या. मुलींची अनेक गावांत शाळेची सोयच नाही, मग विद्यापीठात त्या कोठून येणार, असा या मागचा विचार होता. मोठ्या संस्थेचा संस्थापक पुन्हा पहिलीच्या वर्गापाशी आला होता.

१९४४ मध्ये, वय शहाऐंशी असताना, त्यांनी समता संघ स्थापन केला. माणसामाणसांतील उच्चनीच भाव जावा, जातीच्या भिंती पडाव्यात, यासाठी हा संघ होता आणि त्याच्या वतीने ‘मानवी समता’ हे नियतकालिक निघत असे. त्या वयात नवीन संस्था काढण्याची कोणाला आवश्यकता वाटत नाही. ज्या भिंतीपुढे आपण तरुणपणी थांबलो तिच्याकडे ते पुन्हा वळले होते, असे या कामाकडे पाहताना वाटते.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार होता. अण्णांना त्यानंतर सन्मानांवर सन्मान मिळाले. बनारस हिंदू विद्यापीठाने यापूर्वीच डॉक्टरेट दिली होती. पुणे, मुंबई आणि त्यांच्या स्वतःच्या महिला विद्यापीठानेही ती दिली. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न मिळाले. १८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईत झालेल्या शताब्दी समारंभाला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. त्याच दिवशी टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. हयात असताना भारताच्या टपाल तिकिटावर झळकलेले ते पहिले भारतीय होत. एके काळी ज्या मुरूडने त्यांना घरात येऊ दिले नव्हते, तेथे येणाऱ्या पत्रांवरही आता त्यांचे चित्र असणार होते.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकशे चार वर्षे. देश त्या दिवसांत चीनबरोबरच्या युद्धात गुंतलेला होता. हिंगण्याच्या माळावर तोवर झोपडीच्या जागी शाळा, वसतिगृहे आणि अध्यापिका विद्यालय उभे होते, आणि गावाचे नाव बदलून लोक त्या भागाला कर्वेनगर म्हणू लागणार होते.